कोच हवा, तोही एकमतानं!

"आठ दिवसांत फुटबॉलचा कोच नेमा, नाहीतर मैदान नांगरून तिथं वांगी लावीन!"

वाघनेर संस्थानच्या रणधीरराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि कॉलेजची टीम जागच्या जागी गार पडली. राजेसाहेबांचा वांग्यांवर फार जीव, म्हणजे धमकी पोकळ नव्हती. वर अट अशी, की कोच असा हवा ज्याला सगळं गाव एकमुखानं चांगला म्हणेल. एकानंही नावं ठेवली की तो बाद!

आता तुम्हीच सांगा, वाघनेरात आणि एकमत? अहो, जिलबी करायची की बुंदी, या भांडणात इथलं अख्खं वऱ्हाड उपाशी परत गेलंय!

दाजिबाच्या चहाच्या दुकानात सकाळपासून तोच विषय.

"फौजेतले सुभेदार खंडेराव आणा!" दाजिबानं किटली आपटली. "पोरांना शिस्त लावतील!"

"शिस्त?" विसूभाऊ कारकून उसळले. "त्यांच्या म्हशीला आधी लावा म्हणावं! रोज माझ्या परसात असते!"

"मग पुण्याचे प्रोफेसर देवस्थळी?"

"ते दुपारी झोपतात. ऐन सामन्यात त्यांना उठवायला कोण जाणार? तुम्ही?"

"बरं, गोरा टॉमससाहेब?"

"तो ऊन नसताना छत्री घेऊन हिंडतो! अशा माणसाचा काय भरवसा?"

शेवटी कुणीतरी राजेसाहेबांच्या हत्तीचं नाव सुचवलं. निदान तो वरच्या किंवा खालच्या आळीचा तरी नाही! यावर दुपारपर्यंत गंभीर चर्चा झाली. मग विसूभाऊ म्हणाले, "हत्ती खालच्या आळीच्या तळ्यावर पाणी पितो. म्हणजे त्यांचाच माणूस!" झालं, हत्तीही बाद.

मैदानाची राखण यमाजी करायचा. गोलाच्या खांबामागंच त्याची खोपटी. मैदान गेलं की काम जाणार आणि डोक्यावरचं छप्परही जाणार. बिचाऱ्यानं अन्नपाणी सोडलं होतं. ते बघून त्याच्या लेकीचा, तुळसाचा, जीव तुटत होता आणि गावाचा संतापही येत होता.

"बा, तू भाकरी खा. कोच मी आणते," ती म्हणाली.

"तू? अगं, दिवाणसाहेब हात टेकून बसलेत!"

"ते बसलेत, मी पदर खोचून उभी आहे!"

तुळसा तडक शेजारच्या गावी गेली. तिथं हणमंत मास्तर सासुरवाडीला येऊन राहिले होते. टीमचे आधीचे कोच हेच. गेल्या साली टीमनं नऊ गोल खाल्ले, तेव्हा गावानं मास्तरांना अशा शिव्या घातल्या, की ते ट्रंक उचलून रातोरात निघून गेले होते.

"मास्तर, एक दिवस माझ्याबरोबर चला," तुळसा म्हणाली. "डोक्यावरून घोंगडी घ्या, आणि काही झालं तरी तोंड उघडू नका."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुळसानं मैदानात एक टेबल मांडलं. त्यावर हणमंत मास्तरांचा फोटो ठेवला. फोटोला झेंडूचा हार घातला, पुढं उदबत्ती लावली आणि शेजारी गप्प बसून राहिली. बस्स, एवढंच!

दाजिबा तिकडून चालला होता. तो थबकला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "अरेरे! काय झालं गं?"

"काय सांगू दाजिबाकाका! आपल्या गावानं फार छळलं हो त्यांना."

घटकाभरात सगळं गाव मैदानात गोळा झालं. चार माणसं जमली, फोटोला हार दिसला, मग भाषणं व्हायला कितीसा वेळ लागतो?

"असा कोच पुन्हा होणे नाही!" विसूभाऊंनी फोटोला हात जोडले. "नऊ गोल खाल्ले, पण काय रुबाबात खाल्ले!"

"देवमाणूस!" दाजिबा डोळे पुसत म्हणाला. "आज असते तर खांद्यावर बसवून आणलं असतं!"

"आणलं असतं!" दोन्ही आळ्या एका सुरात ओरडल्या. वाघनेरच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

तुळसाच्या निरोपावरून दिवाणसाहेबांना घेऊन आलेले राजेसाहेब हे सगळं थक्क होऊन ऐकत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून मोठमोठे हुंदके ऐकू आले.

"कोण रे तो? एवढं कोण रडतंय?" त्यांनी विचारलं.

घोंगडी बाजूला झाली. "मीच तो, महाराज!" मास्तर नाक पुसत म्हणाले. "माझ्याबद्दल इतकं चांगलं मी जन्मात ऐकलं नव्हतं!"

"भूत! भूत!" म्हणत लोक सैरावैरा पळाले. विसूभाऊ तर टेबलाखाली शिरले. मास्तरांनीच त्यांना पाय धरून बाहेर ओढलं, तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली.

"महाराज, या पोरीनं फसवलं!" विसूभाऊ किंचाळले. "मास्तर गेले म्हणून फोटोला हार घातला!"

"गेले असं मी म्हणाले का?" तुळसा म्हणाली. "तुम्ही रोज देवाच्या फोटोला हार घालता, तो काय देव गेला म्हणून?"

विसूभाऊ पुन्हा टेबलाखाली जागा शोधू लागले.

राजेसाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "पोरी, अट पुरी झाली खरी. पण हे लोक उद्या सकाळी पुन्हा शिव्या घालतील, त्याचं काय?"

"घालू देत की, महाराज! अट एकदा एकमुखानं चांगलं म्हणण्याची होती. ज्याला लोक रोज उठून चांगलं म्हणतील असा माणूस वाघनेरात अजून जन्मला नाही. अगदी वाड्यावरसुद्धा नाही!"

दिवाणसाहेबांनी घाबरून डोळे मिटले. यमाजीनं लेकीचा हात धरून तिला मागं ओढलं.

आणि राजेसाहेब जे हसत सुटले, ते पोट धरून! हसता हसताच त्यांनी मास्तरांना कोच नेमलं, मैदान कायमचं टीमच्या नावे केलं, यमाजीला पक्कं घर देण्याचा हुकूम दिला आणि आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाच्या हातात घातलं.