आवडाआत्याची झोळी

कालिकेच्या देवळात शिरताना डाव्या हाताला तो चिरलेला हंडा टांगलाय ना, त्याची किंमत विचारू नका, मंडळी. दर वर्षी कुणीतरी विचारतंच. एक साहेब तर टेप घेऊन मोजायला लागले, दिवाणखान्यात शोभेल म्हणाले. शोभेल हो. पण तो विकायचा नाही, घासायचा नाही, त्यात पाणीही भरायचं नाही. का, ते ऐकायचं असेल तर बसा जरा पायरीवर.

फार जुनी गोष्ट. ही आळी तेव्हा तांबटांची, दिवसभर ठोक्यांनी दणाणायची. इथं एक रीत होती, असं सांगतात. घरोघरच्या बायका स्वयंपाकाला बसताना आधी मूठभर दाणे बाजूला काढायच्या. सोमवारी ते गोळा होऊन देवळामागच्या कोठीत पडायचे. ज्याचं घर अडलं त्यानं तिथून न्यायचे, परत द्यायची बोली नाही. कोठी सांभाळायची आवडाआत्या. तरुणपणी नवरा गेला तेव्हा तिची पोरं याच कोठीवर वाढली, म्हणून तिनं हे काम अंगावर घेतलं होतं. कुणाची चूल थंड आहे ते तिला विचारावं लागायचं नाही. तिचा भरवसा कानांवर. ज्या घरातले ठोके थांबले, तिथं आत्या दिवस मावळायच्या आत पायलीभर दाणे घेऊन हजर. आळीला तिचं फार कौतुक होतं. तिलाही होतं थोडं, खोटं कशाला बोला.

मग म्हणे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. खायची भ्रांत पडल्यावर नवी भांडी कोण घेतो? एकेका घरातला आवाज बंद होऊ लागला, आत्याची धावपळ वाढली, कोठीचा तळ दिसायला लागला. केसोबाचं घर मात्र सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाजतच होतं.

केसोबा मोठा कारागीर, आणि त्याहून मोठा मानी. त्याच्या बापानं कोठीत सगळ्यांपेक्षा जास्त घातलेलं. तिथं आता आपण हात पसरायचा, हे त्याच्या गळी उतरेना. महिनाभर काम नव्हतं, पण ठोके थांबले तर आत्या येणार. म्हणून हा एकच तयार हंडा पुढ्यात घेऊन ठोकत बसला. भट्टीला कोळसा नाही, तांबं गार. गार तांबं किती मार खाणार? चिरा पडल्या, तरी याचा हात चालूच.

एका सोमवारी आत्या झोळी घेऊन दारात आली. "केसोबा, कोठी आटली रे. तुझं बरं चाललंय, आज मूठभर जास्त घाल."

त्यानं मान वर केली नाही. "मैने, आत्याला घाल," एवढंच म्हणाला.

मैना, त्याची बायको, आतून सूप घेऊन आली. मागे चार वर्षांची तानी. मैनेनं सूप झोळीत ओतलं आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत झटकलं. आत्याला वाटलं, काय दानत आहे पोरीची. तानीनं झोळीचा काठ घट्ट धरला होता. "खेळायचं नाही गं हे," म्हणत आत्यानं तिची बोटं सोडवली आणि पुढच्या घरी गेली.

तिसऱ्या दिवशी ठोके थांबले. आत्या पायली घेऊन धावली, तेव्हा तानी गेली होती. केसोबा हंडा मांडीवर घेऊन बसला होता.

"मला लाज वाटली, आत्या," तो म्हणाला.

"तुला लाज वाटली रे, पण मी तर आत येऊन बघायला हवं होतं," आत्या म्हणाली. आणलेले दाणे तिनं उंबऱ्यावर ठेवले. ते कुणी उचलले नाहीत. तानीचे दिवस झाल्यावर नवरा-बायको गाव सोडून गेली, कुठं ते कळलं नाही. मागे राहिलेला हंडा आत्यानं देवळात आणून टांगला.

पुढच्या सोमवारी ती झोळी पाठीवर टाकून निघाली. दारात गेल्यावर आधी स्वतःच मूठभर दाणे घरच्या बाईच्या पदरात घातले, मग पाठ फिरवून उभी राहिली. झोळीचं तोंड उघडं. ज्याला घालायचं त्यानं घालावं, ज्याला काढायचं त्यानं काढावं. अकरा वेळा देवीचं नाव घेऊन, मागे न बघता ती पुढच्या दारी गेली. त्यानंतर आळीत कुणी उपाशी मेलं नाही, असं सांगतात. म्हातारपणी लोक आत्याच्या पाया पडायचे. तिनं जगवलेली घरं बोटांवर मोजून दाखवायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तानी आता लग्नाची झाली असती."

आजही सोमवारी आळीतली एक बाई अशीच निघते. बंगल्याच्या दारीही जाते, पत्र्याच्या खोलीपुढेही पाठ करून उभी राहते. पाठीवरचं ओझं कुठं हलकं झालं ते तिला कळतं, पण ती घरीसुद्धा बोलत नाही. तिला नमस्कार करायचा नाही, आणि तुम्हाला पुण्य लागेल असं तर मुळीच म्हणायचं नाही. आत्यानं ते कुणाला कधी म्हणू दिलं नाही.