हातकणंगल्याच्या अलीकडे

“…पण उस्ताद, अस्सल तो अस्सलच ना?”

धैर्यशीलराव सकाळपासून हे चौथ्यांदा विचारत होते.

इलाही मिस्त्री बशीतला चहा फुंकत होते. प्रश्न थांबू शकत होता, चहा निवला असता. म्हणून आधी चहा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींचं गॅरेज आहे. धैर्यशीलराव सरनोबत हे जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष. दोन वर्षं दर रविवारी ते मिस्त्रींकडे शिकायला येत. शिकायला म्हणजे बहुतेक वेळा सांगायला.

बाकावर दोन कार्बोरेटर होते. एक जुना, चौसष्ट साली गाडीबरोबर आलेला. दुसरा नवा, भलत्याच कुणीतरी बनवलेला, कालच खोक्यातून निघालेला.

गाडी दारात उभी होती. फिकट निळी. धैर्यशीलरावांचे वडील, सरनोबत डॉक्टर, तिला नीलम म्हणत. डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची बायको नीलममध्ये बसली नव्हती. येत्या गुरुवारी नृसिंहवाडीला जायला त्या कशाबशा तयार झाल्या होत्या. अट एकच. गाडी ह्यांची पाहिजे, होती तशी.

“नवा बसवला तर ती आबांची गाडी राहत नाही,” धैर्यशीलराव म्हणाले. “जुना बसवला तर कुठंही बंद पडते. वाटेत पडली तर आई पुन्हा कधी बसायची नाही. मी करू काय?”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

“जुना अस्सल, हे कशावरनं?”

शिष्याचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांना पाठ होता.

“हे बघा. झाकणावर बारीक खळगे आहेत. मोजून सात. कारखान्यातल्या तपासनिसाची खूण आहे ही. मंडळाच्या अंकात मी लेख लिहिलाय यावर.”

“लेख?”

“चार पानी.”

मिस्त्री हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं.

“डॉक्टरसायबांची हातोडी हाय ती.”

“…काय?”

“पेशंटच्या गुडघ्यावर मारायची ती. ह्याच्या आत एक सुई असते. ती अडकली की पेट्रोल बंद, गाडी बंद. मग सायेब उतरायचे आणि हातोडी मारायचे. रबराच्या अंगानं ऐकंना, म्हणून उलट्या अंगानं.”

धैर्यशीलरावांनी झाकणावरून अंगठा फिरवला. चारही पानं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यांनाही हसू आवरेना. आबा आणि हातोडी!

“मग तुम्ही सुई बदलली का नाही?”

“धा मिनिटांचं काम. तीनदा म्हटलं. तिन्ही येळा सायेब म्हणाले, राहू दे, इलाही.”

“का?”

मिस्त्रींनी खांदे उडवले.

“वैनीसायबांना फोन लावा. आवाज मोठा ठेवा.”

आईला फोन लागला.

“वैनीसायब, इलाही बोलतोय. वाडीला जाताना नीलम बंद पडायची का हो?”

पलीकडून आधी हसणंच आलं.

“पडायची का? दर खेपेला, इलाहीभाई! हातकणंगल्याच्या अलीकडे, त्या रसवंतीपाशी. एवढा लांबचा रस्ता, पण नेमकी तिथंच.”

“मग?”

“मग काय… ह्यांनी उतरून दोन टोले घालायचे आणि म्हणायचं, जरा निवू दे इंजिन. तोवर आम्ही बाकड्यावर बसून रस प्यायचो, आलं घातलेला. दवाखान्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसायची हो. महिन्यातनं तो अर्धा तास तेवढा माझा.”

धैर्यशीलरावांनी फोन जवळ ओढला.

“धैर्या आहे का तिथं? त्याला सांगा, गाडी उगाच फार चांगली करू नकोस.”

फोन ठेवला गेला.

धैर्यशीलराव बराच वेळ नीलमकडे बघत उभे होते. मग एकदम म्हणाले, “ठरलं. जुनाच बसवा.”

मागे पान्ह्याचा आवाज येत होता. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले होते.

नवा बसवत होते.

“उस्ताद! अहो, जुना! गाडी बंद पडायला नको का?”

तासाभरापूर्वी हाच माणूस गाडी बंद पडेल म्हणून रडकुंडीला आला होता. मिस्त्रींनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी शेवटचा नट आवळला आणि हात पुसले.

“जुना आतनं झिजलाय. तो आता कुठंबी बंद पडंल. रसवंतीपाशीच पडंल, ह्याचा काय भरवसा?”

“पण आबांच्या वेळी तर…”

“आबांच्या येळची सुई मी ब्याऐंशीला बदलली. सायबांना न सांगता.”

“…बदलली?”

“नवी कोरी.”

“मग त्यानंतर गाडी बंद पडत नव्हती?”

“पुढं पंधरा वरसं पडत हुती. दर महिन्याला. तिथंच.” मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मला वाटायचं, माझाच हात चुकला. तिकडनं गाडी आली की मी सायबांच्या म्होरं मान खाली घालायचो. सायेब आपले नुसते हसायचे. आत्ता कळलं, का ते.”

डोळ्यांच्या कडा त्यांनी बाहीनं टिपल्या. चेहऱ्यावर मात्र हसू मावत नव्हतं.

“पण सुई नवी… तर गाडी बंद कशी पडायची?”

नीलमच्या दारातून मिस्त्रींनी हात आत घातला आणि गाडी चालू केली. इंजिन एका सुरात घुमू लागलं. मग त्यांनी किल्ली उलटी फिरवली.

नीलम गप्प झाली.

किल्ली काढून त्यांनी धैर्यशीलरावांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

“ही अस्सल हाय,” मिस्त्री म्हणाले. “हातकणंगल्याच्या अलीकडं फिरवा.”