अक्कांचे पेव आणि राहीचा दोर

कृष्णेवर पूल नव्हता आणि हळदीची पोती नावेतून पैलतीरी जात, त्या काळी घडलेली ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी अधिक लक्ष देऊन ऐकावी. ही गोष्ट गोड करून सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नव्हे.

नदीकाठी आडसरी नावाचे गाव होते. तिथली माती इतकी चिवट की दोन पुरुष खोल खड्डा खणला तरी त्याची कड ढासळत नसे. अशा खड्ड्याला पेव म्हणतात. तोंड अरुंद, पोट रुंद, जणू जमिनीत पुरलेली घागर. आत हळद किंवा जोंधळा भरावा, तोंडावर शिळा ठेवून चिखलाने लिंपावे, म्हणजे वर्षानुवर्षे कीड लागत नाही. परंतु बंद पेवातली हवा विषारी होते. ती दिसत नाही. माणूस आत उतरला की चार श्वासांत कोसळतो. म्हणून आडसरीचा नियम होता. शिळा काढून पेवाला एक अख्खा दिवस वारा द्यायचा, मग पेटता कंदील दोरीने आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचे. विझला तर उतरायचे नाही. दुधाचे दात न पडलेल्या मुलांनाही हे ठाऊक होते.

या गावात तोडकरांची हळदीची मोठी पेढी होती आणि ती नीलाक्का चालवीत. पतीच्या मागे त्या गादीवर बसल्या, तेव्हा व्यापारी आपसांत हसले. पहिल्याच हंगामात ते हसणे थांबले. असे म्हणतात की हळकुंड नुसते मोडून त्याचा आवाज ऐकला, तरी ते कोणाच्या शेतातले आहे हे अक्का सांगत. असेही म्हणतात की त्यांचा माल नावेत चढला की कृष्णा आपली ओढ आवरून धरी.

पेढीच्या अंगणात अक्कांनी एक वेगळे पेव खणून घेतले आणि त्यात आपल्या शेतातला जोंधळा भरला. आषाढात घरोघरची मडकी रिकामी झाली की ते पेव उघडायचे आणि येईल त्याला पाटीभर धान्य द्यायचे. नाव विचारायचे नाही, जात विचारायची नाही. अकरा वर्षे हे असे चालले, कसलाही गाजावाजा न होता. असे म्हणतात की त्या पेवाचा तळ कधी कोणी पाहिला नाही.

बाराव्या वर्षी अक्कांचे दीर इराप्पा म्हणाले, "वैनी, एवढा धरम करता आन् तालुक्यात कुणाला ठावं न्हाई. औंदा मामलेदार सायबाला बोलवू. त्येंच्या हातनं शिळा निघू दे. पेढीचं नाव हुईल."

अक्का "बरं" म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातली एवढीच एक चूक, आणि मी ती लपवणार नाही.

अंगणात मांडव पडला. सनईवाले आले, भटजींनी मुहूर्त काढला. साहेबांच्या हातून शिळा काढायची, म्हणून ती आदल्या दिवशी काढलीच नाही. ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या पेवाला वारा दिला, त्या गावाने पाहुण्याच्या मानासाठी ते बंद ठेवले! एकाही शहाण्याला तोंड उघडावेसे वाटले नाही. सगळे फेटे बांधण्यात गुंतले होते.

साहेबांनी शिळेला हात लावला, हमालांनी ती सरकवली. टाळ्या झाल्या. अक्कांना शाल द्यायची होती, म्हणून त्यांना मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले. इकडे कंदील खाली सोडला. तो विझला.

पेवात उतरण्याचे काम मसू हमालाचे. तो थबकला. "धाकलं मालक, दिवा ऱ्हाईना."

"वाऱ्यानं इझला आसंल," इराप्पा म्हणाले. "मुहूर्त चाललाय. एक पाटी वर दे, मग दिसभर पेवाला वारा दे. का भ्यालास? बायकू बघतीया बघ तुझी."

लोक हसले. मसूही हसला आणि उतरला. पाटी वर आली नाही.

त्याची बायको राही किंचाळली, तेव्हा अक्कांच्या खांद्यावर शाल नुकतीच पडली होती. त्या धावत आल्या.

"कंदील सोडला होता?"

सगळ्यांनी इराप्पांकडे पाहिले.

"इराप्पा, तुला विचारते. कंदील सोडला होता?"

"सोडला हुता. इझला."

"मग?"

"मुहूर्त टळत हुता, वैनी."

तेव्हा अक्कांना जो संताप आला, तसा त्या गावाने आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. असे म्हणतात की त्यांच्या आवाजाने मांडवाचे खांब हलले आणि घाटावरच्या नावांनी दावी तोडली. त्यांनी शाल भिरकावली. "फाडा तो मांडव!" त्या ओरडल्या. "सायेब, तुमीबी उठा! भटजी, धरा कापड!"

मांडवाचे कापड दोराला बांधून त्यांनी पेवात सोडायला लावले. वर ओढा, खाली सोडा, आतली हवा उपसा. साहेबांनी ओढले, भटजींनी ओढले, इराप्पांच्या तळहातांची सालटी निघाली. अक्का कोणाला थांबू देईनात. कंदील पुन्हा सोडला, विझला. आणखी उपसले, पुन्हा सोडला, विझला. तिसऱ्यांदा ज्योत टिकली. ती हळदीसारखी पिवळीजर्द होती, असे म्हणतात.

अक्कांनी नऊवारीचा काष्टा आवळला, दोर कमरेला बांधला आणि त्याचे दुसरे टोक राहीच्या हातात दिले. "तूच धर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई."

मालकीण पेवात उतरली आणि मजुराच्या बायकोने दोर धरला. अक्कांनी मसूला वर आणले.

काही लोक सांगतात की उजेड लागताच मसूने डोळे उघडले. त्याने डोळे उघडले नाहीत. ज्यांना रात्री स्वस्थ झोप हवी असते, ते लोक तसे सांगतात.

"त्येचं नशीब," इराप्पा पुटपुटले.

"नशीब?" अक्का वळल्या. "दिवा त्यानं बघितला, तू बघितलास, साऱ्या गावानं बघितला. दिव्यानं सांगायचं तेवढं सांगितलं. ह्याला नशीब म्हणशील तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस."

मग त्या राहीपुढे जमिनीवर बसल्या. "हो म्हणणारी मीच. काय मागतीस, माग."

राहीच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आग होती. "मला काय नगं तुमचं. पुढल्या सालापासनं आदी तुमी उतरायचं. तुमच्या मागनं तुमचं वारीस उतरत्याल. आन् दोर आमच्या हातात."

"दिला शब्द," अक्का म्हणाल्या. त्या जगल्या तोवर दर आषाढात स्वतः प्रथम उतरल्या. केस पांढरे झाले, पाठ वाकली, तरी उतरल्या. शाल त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतली नाही.

आता तोडकरांची कंपनी झाली आहे. शहरात काचेची कचेरी आहे, दारी मोटारी आहेत. पण आषाढात आडसरीचे ते पेव उघडते, तेव्हा मांडव नसतो, मुहूर्त नसतो, हार नसतो. शिळा आदल्या दिवशी निघते. कंपनीचा जो कोणी मुख्य असेल, तो जोडे काढून कमरेला दोर बांधतो आणि दोराचे टोक मसूच्या घराण्यातल्या स्त्रीच्या हाती असते.

मध्यंतरी एका तरुण मालकाने मनगटावरचे घड्याळ पाहिले होते. "मावशी, मीटिंग आहे हो. या वर्षी दुसरा कुणी उतरला तर नाही का चालणार?"

त्या बाईने दोराची गाठ त्याच्या कमरेवर स्वतः आवळली. "घाईच हुती त्या दिशी बी," ती म्हणाली. "उतर."

तो उतरला. तिने वाकून विचारले, जसे दर वर्षी विचारले जाते, "दिवा?"

खालून आवाज आला, "जळतोय."

"मग भर पाटी."