फलकाचा फोटो

एकदा एक निवृत्त गुरुजी आपल्या जुन्या शिष्यावर इतके रागावले, की त्यांनी त्याला जेवायला बोलावून मुद्दाम त्याची बस चुकवली. शिष्य साधासुधा नव्हता. तालुक्याच्या बससेवेचे संकेतस्थळ त्याने उभारले होते आणि त्याबद्दल शाल-श्रीफळही घेतले होते.

गुरुजींच्या गावात कुमुद नावाची अंध तरुणी राहत असे. तिचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवी आणि त्याच्या भरवशावर ती सगळीकडे एकटी जाई. तालुक्याच्या शाळेत संगीतशिक्षिकेची मुलाखत होती, म्हणून तिने वेळापत्रक उघडले. मोबाइल एवढेच म्हणाला, "चित्र." शिष्याने आगारातल्या रंगवलेल्या फलकाचा फोटो काढून तसाच चढवला होता, खंडेनवमीच्या झेंडूच्या हारासकट! कुमुदने शिष्याला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले, "आपल्यासोबत कोणी डोळस व्यक्ती असेलच, तिच्याकडून वाचून घ्यावे." हे उत्तर आठवले की आजही माझे डोके फिरते. सोबत कोणी नव्हते. मुलाखत हुकली. शाळेने सोमवारी पुन्हा बोलावले, पण शेवटचेच.

हे ऐकून गुरुजींनी रविवारी शिष्याला घरी बोलावले. जेवण झाल्यावर शिष्याने बसची वेळ बघायला मोबाइल काढला, तर गुरुजींनी तो घेऊन कपाटात ठेवला.

"निदान परतीची बस किती वाजता ते तरी सांगा," शिष्य म्हणाला. "तुम्हाला सगळ्या गाड्या पाठ आहेत."

"चित्र," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे?"

"चित्र. तुझ्यासोबत कोणी असेलच, त्याला विचार."

इतक्यात बस नाक्यावरून निघून गेल्याचा आवाज आला. शिष्य संतापला. "ही कसली चेष्टा, गुरुजी? माहीत असून सांगितलं नाहीत!"

"माहीत असून सांगितलं नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आणि वर तुलाच दुसऱ्याचं तोंड बघायला लावलं. तुझा राग योग्य आहे. कुमुदलाही तो दोनदा आला. तिनं तो सभ्य भाषेत लिहिला, म्हणून तुला तो दिसला नाही. ती तुझ्याकडे दया मागत नव्हती रे, बसची वेळ विचारत होती. ती बस तिचीही आहे."

शिष्य मान खाली घालून ओसरीवर बसला. गुरुजींनी मोबाइल परत दिला, तेव्हा फोटोतली एकेक गाडी त्याने संकेतस्थळावर अक्षरांत लिहून काढली आणि मोबाइल गुरुजींपुढे धरला.

"मला कशाला दाखवतोस? तिला ऐकव."

कुमुद आली. तिचा मोबाइल वाचू लागला, "सहा दहा, सहा चाळीस, सात पाच..."

"पण कुठली कुठे जाते?" कुमुदने विचारले. "वेळेआधी गावाचं नाव लागतं."

शिष्याने सगळे पुन्हा लिहिले, प्रत्येक वेळेआधी गाव घालून. या खेपेस ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. सोमवारी सकाळी सहा चाळीसच्या बसमध्ये कुमुद एकटीच चढली.

वेळापत्रक तयार करणाऱ्याने ते एकदा डोळे मिटून ऐकावे, आणि मगच शाल स्वीकारावी.