कुंभवतीचा उत्तर दरवाजा

पूर्वी कुंभवती नगरात भद्रकेतू राजा राज्य करीत होता, त्या वेळी बोधिसत्त्वाने त्याचा अमात्य म्हणून जन्म घेतला होता. सुनेत्र हे त्याचं नाव. माणूस बुद्धीने तल्लख, मनाने हळवा. पण त्या नगरात अमात्यपद सांभाळायचं म्हणजे रोज उठून कपाळाला हात लावायचा, दुसरं काय!

त्याला कारण तिथली एक रीत. राजा लढाई जिंकून ज्या दरवाजातून नगरात येई, तो दरवाजा त्याच्या मानासाठी कायमचा बंद होई. विजयी राजा जिथून गेला तिथून मग कोणी ऐऱ्यागैऱ्याने जायचं नाही, म्हणून त्याची पाठ वळताच गवंडी विटा रचू लागत. भद्रकेतूच्या पणजोबांनी पूर्वेचा दरवाजा असा बंद केला, आजोबांनी दक्षिणेचा, वडिलांनी पश्चिमेचा. दर वेळी लोकांनी जयजयकार केला आणि दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने लांबच्या वाटेने जायला लागले. असंच चालू राहिलं तर शेवटी आपण बाहेर पडणार कुठून, असं एकानेही विचारलं नाही.

उरला उत्तरेचा. हा नदीकडे उघडणारा, बुटका, कमानीचे दगड निसटायला आलेले. नगराचं पाणी इथून येई. म्हशी इथूनच डुंबायला जात. परिटांची गाढवं, कुंभारांची माती, लग्नाची वरात, मेलेल्याची तिरडी, सगळं याच एका दारातून. आजवर कोणत्याही राजाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून तो वाचला होता.

अशात भद्रकेतूने सीमेवर एक चकमक जिंकली. भांडण कशाचं, तर शेजारच्या राजाशी एका गायरानाचं! पण जिंकल्याबरोबर त्याने दूताकरवी निरोप धाडला, "उत्तरेच्या दरवाजाने येतोय. चुना कालवून ठेवा."

"हद्द झाली!" सुनेत्र म्हणाला. त्याने सभा बोलावली आणि विचारलं, "हाही दरवाजा बुजवल्यावर पाणी कुठून आणायचं?"

सभासद विचारात पडले. एक म्हणाला, "तटाला शिड्या लावू."

"आणि म्हशी?" दुसऱ्याने विचारलं.

"त्यांना शिकवू."

पुरोहिताने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "रीत ती रीत," तो म्हणाला. "पाण्याचं नंतर बघता येईल." सुनेत्राने त्यांना परोपरीने समजावलं, पण भिंतीशी बोलल्यासारखंच झालं. शेवटी तो वैतागून उठला आणि राजाला स्वतःच गाठायचं ठरवून दरवाजाबाहेर जाऊन उभा राहिला.

राजा आला. तो हत्तीवर, मागे सैन्य, आणि सैन्याच्या पुढे, मुद्दाम लवकर पोचवायच्या म्हणून, जखमींच्या डोल्या. पहिल्याच डोलीत नंदिल नावाचा कुंभाराचा तरुण मुलगा होता. त्याच्या मांडीचा घाव चिघळला होता, ओठ सुकून फुटले होते. दाराच्या आत, शिपायांनी आडव्या धरलेल्या भाल्यांमागे, त्याची आई सोणा पाण्याचं मडकं घेऊन उभी होती. तिला तो दिसत होता, त्यालाही ती दिसत होती. आणि दोघांच्या मधे चुन्याची घमेली घेऊन गवंडी तयार बसले होते.

सुनेत्र पुढे झाला. "महाराज, आपण आत गेलात की इथे विटा चढणार. मग या डोल्या कुठून येणार?"

"दुसऱ्या दरवाजाने येतील."

"कोणत्या?"

"त्यांच्या नेहमीच्या."

"महाराज, हाच तो नेहमीचा!"

राजाने दाराकडे पाहिलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "बरं मग, ते आत येईपर्यंत उघडा ठेवा."

"छे, छे!" पुरोहित ओरडला. "राजाच्या मागून कोणी आलं की मान गेला."

"मग त्यांना आधी येऊ द्या," सुनेत्र म्हणाला.

"आधी? म्हणजे विजय त्यांचा झाला!"

"झालाच आहे! लढलं कोण मग? तुम्ही?"

"अमात्य!" राजा हत्तीवरून गरजला. "मुहूर्त टळतोय. आज तुम्हाला गावं इनाम द्यायचं मनात होतं. आत्ताच्या आत्ता बाजूला व्हा, नाहीतर मुद्रा ठेवा आणि चालते व्हा."

सुनेत्राने नंदिलकडे पाहिलं. आता आणखी बोलायचं त्याच्या जिवावर आलं. आयुष्यभर तो बोलतच आला होता. त्याने बोटातली मुद्रा काढली, पुरोहितच जवळ उभा होता म्हणून त्याच्या हातावर ठेवली, आणि डोलीच्या दांड्याला खांदा दिला. "चला रे, उचला."

भोयांनी एकमेकांकडे पाहिलं, मग डोली उचलली. राजाने शिपायांना हाक मारली, पण शिपायांचेच भाऊबंद मागच्या डोल्यांत होते. एकही जागचा हलला नाही. तेव्हा राजा रागाने लाल होत स्वतःच हत्तीवरून उतरला, तरातरा चालत गेला आणि हात पसरून दाराच्या मधोमध उभा राहिला. "थांबा म्हणतो ना!"

सोणाने आतून एवढंच पाहिलं, की लेकाची डोली दारापर्यंत आली आणि कोणीतरी आडवं आलं. ती भाले ढकलून धावली. समोर एक रुंद पाठ होती. ती कोणाची हे पाहायला तिला सवड कुठली? तिने कोपराने एक ढुशी दिली.

"अहो, सरका की बाजूला! दारात काय उभे राहता? माझं लेकरू आत येतंय!"

आणि राजा सरकला. दारात उभा असलेला कोणताही माणूस सरकतो तसाच सरकला.

सोणाने तिथेच मडकं लेकाच्या तोंडाला लावलं. तो घटाघटा प्यायला. मग डोल्या एकामागून एक आत येऊ लागल्या. राजा भिंतीला चिकटून उभा होता. प्रत्येक डोली त्याच्या छातीशी घासून जात होती, त्यामुळे प्रत्येक तोंड त्याला बघावं लागलं. काहींना तो नावाने ओळखत होता. सगळ्यांच्या शेवटी तो पायी आत आला.

"महाराज, विटा?" गवंड्याने भीतभीत विचारलं.

राजाने चुन्याच्या घमेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाकीच्या दरवाजांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत?"

"किल्ल्या कसल्या, महाराज!" सुनेत्र डोली खाली ठेवत म्हणाला. "विटा आहेत तिथे. पणजोबांपासून."

"मग फोडा," राजा म्हणाला.

ते दरवाजे फुटले. नंदिल वाचला, लंगडत का होईना चाकावर बसू लागला. राजाने मुद्रा मात्र परत दिली नाही, त्याचा राग तेवढा राहिलाच. आणि सुनेत्रानेही ती मागितली नाही.

वप्पक नावाच्या भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा ऐकवली. आपण ज्येष्ठ आहोत या मानापायी विहाराच्या दारातच आसन मांडायची त्याला खोड होती. आजारी भिक्षूंनासुद्धा खिडकीतून चढून आत यावं लागे. कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा वप्पक. पुरोहित म्हणजे याचं आसन झटकून देणारा याचा शिष्य. नंदिल आज खिडकीतून पडला तो भिक्षू. सोणा आता भिक्षुणीसंघात आहे. आणि अमात्य मीच होतो."

वप्पकाने आसन गुंडाळलं. एका भिक्षूने विचारलं, "भंते, त्या जन्मी आपण कोणत्या सद्गुणाची पारमिता पूर्ण केलीत? क्षांतीची, सहनशीलतेची का?"

"मैत्रीची," शास्ते म्हणाले. "क्षांतीसाठी मला पुन्हा जन्म घ्यावा लागला."