माळजाईची कोरांटी

हे माळजाईचे टेकाड. इथे दिवसभर कुठेच सावली पडत नाही आणि हातभर खणले की मुरूम लागतो. तरी देवळाभोवती ही काटेरी कोरांटी दर हिवाळ्यात पिवळीधमक फुलते. झुडपे वर्षानुवर्षे तीच आहेत, पाणी कुणी घालत नाही.

पूर्वी इथे शेवंतीची बाग होती, असे सांगतात. बाग राखायची येसू गुरवीण. नवरा वारलेला, देवीला रोज सकाळी ताजे फूल वाहण्याचे काम तिच्याकडे आलेले. पुढे लागोपाठ तीन वर्षे पाऊस पडला नाही. झरा आटत आटत घरटी एका घागरीवर आला. अर्धे गाव निघून गेले. उरलेले म्हणत, ज्या दिवशी फूल चुकेल त्या दिवशी आपणही निघू.

त्यातच येसूची सहा वर्षांची ताना तापाने अंथरुणाला खिळली. घागरीतले पाणी येसू तिला घोटघोट पाजी आणि उरलेले चाळीस रोपांना ओंजळ ओंजळ वाटत असे. एकही रोप तहानलेले राहू नये म्हणून रोज. तरी रोपे एकामागून एक वाळली. माघात एकच उरले, त्यावर एक कळी. त्या दिवशी झऱ्याने वाटीभरच पाणी दिले.

गावातला जोत्याजी म्हातारा तिच्या दारात येऊन बसला. म्हणाला, "येसू, कळीला घाल. पोरीला देवी बघेल."

"कळी बोलत नाही, जोत्याबा. ही पाणी मागतीय."

तिने वाटी तानाच्या तोंडाला लावली.

सकाळी कळीने मान टाकली होती. येसू रिकाम्या हातांनी देवीपुढे जायला निघाली, तर कुंपणाची कोरांटी फुललेली. नवऱ्याने लावलेली ती झुडपे. येसूने त्यांना कधी थेंब घातला नव्हता. तिने वाळलेली शेवंती उपटली. मुळे बोटभर, रोजच्या ओंजळीसाठी वरच थांबलेली. कोरांटीचे मूळ कोपरभर उकरले तरी संपेना. बाग आपल्याच मायेने मेली, हे तिला तिथे कळले. ती मातीत बसून रडली, म्हणे. मग तिने कुंपणाचे फूल देवीला वाहिले. तोवर ते कुणी वाहत नसे. ते पाहून जोत्याजी घरी गेला आणि निघण्यासाठी बांधून ठेवलेले गाठोडे त्याने सोडले.

ताना वाचली का, यावर गावात एकमत नाही. ती त्याच दुपारी गेली, असे काहीजण म्हणतात. आमच्या घरात वाचली असेच सांगतात. आम्ही स्वतःला तिची लेकरे म्हणवतो.

आजही इथे नवे रोप लावताना बुंध्याशी एकदाच घागरभर पाणी जिरवतात, रोज ओंजळ देत नाहीत. आणि सकाळी फूल वाहण्याआधी देवळात आलेल्या सर्वांत लहान पोराला वाटीभर पाणी पाजतात. देवी तोवर थांबते.