नवकारातला ‘म’

“माझं दार तुम्हाला दिसलं नाही, असं तर नाही ना म्हणणार, महासतीजी?”

चंचलबाई कांकरियांनी वंदना केली ती उभ्या-उभ्याच. रोज गुडघे टेकून तीनदा वाकणारी बाई, पण राग गुडघ्यात भरला की ते वाकत नाहीत.

जैन साध्वी उतरतात त्या थानकाच्या ओसरीत म्हाताऱ्या महासतीजी पाटावर बसल्या होत्या. भिक्षेची लाकडी पात्रं पुसून शेजारी ठेवलेली.

“शेजारच्या बोथरांकडे गेलात. पलीकडच्या भंडाऱ्यांकडे गेलात. मधलं माझंच घर तेवढं गाळलंत. मी दारात उभी होते हो, फुलके हातात घेऊन! अख्ख्या गल्लीनं बघितलं.”

“बघितलं असेल.”

“आता बाया तोंडाला पदर लावून हसतात. म्हणे चंचलचं घर असूझतं झालं! माझ्या चुलीवरचं अन्न साध्वींच्या पात्रात पडायच्या लायकीचं नाही म्हणे! का? तर मी लिपस्टिकीत किडे घालते!”

“घालतेस?”

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चंचलबाईंनी लिपस्टिकचा कारखाना घातला होता. लहानसा, पण नाव जिल्हाभर. डबीवर ठसठशीत छापलेलं, ‘अहिंसक’. त्या एका शब्दापायी बाईंनी जिवाचं रान केलं होतं, आणि त्याच शब्दावर कोणी थुंकावं?

पिशवीतून एक कांडी काढून त्यांनी फरशीवर आपटली.

“किडे दुसरे घालतात! तो लालभडक रंग येतो ना, तो वाळवलेले किडे भरडून. मी लोखंडाची लाल भुकटी घालते. जरा विटकरी दिसतो, दिसू दे! बीटसुद्धा घेत नाही, कंदमूळ म्हणून.”

“हं.”

“कांडी ताठ उभी राहते ती मेणानं. लोक मधमाश्यांचं पोळं वितळवतात. माझं मेण ताडाच्या पानावरचं. एरंडेल घालते, त्यानं कांडी ओठावर सरकते, चकाकी येते. नुसतं मेण लावलं तर खरवडल्यासारखं होईल, नुसतं तेल लावलं तर हनुवटीवर ओघळेल. गुलाबी पाहिजे तर पांढरी भुकटी. तेल खवट होऊ नये म्हणून जीवनसत्त्वाचे चार थेंब. सांगा, यात कुठला जीव मेला?”

“आणि झोंबतं ते?”

चंचलबाई थबकल्या. हे म्हातारीला कुणी सांगितलं?

“ते... नवीन आहे. दालचिनीचं तेल आणि मिरचीचा अर्क. त्यानं ओठ भरदार दिसतात. पोरींना तेच पाहिजे असतं आता.”

“भरदार...”

“जरासे फुगतात.”

“सुजतात?”

“जरासे!”

महासतीजींनी कांडीकडे पाहिलंही नाही. “किती घातलं की जरासे, आणि किती घातलं की फार... ते कसं समजतं?”

“लावून बघावं लागतं. पण प्राण्यांवर नाही हां! एक कंपनीवाला सांगत होता, पिंजऱ्यात ससे ठेवा, सशांवर बघा. मी त्याला पायरीवरूनच हाकलला. माझ्या घरी मुंगी चिरडली तर मी उपास करते!”

“मग कुणावर लावतेस?”

“घरातच. सून आहे ना.”

हे त्या अशा बोलल्या, जशी एखादी बाई सांगते, मीठ घरातच आहे, दुकानात कशाला जायचं?

ओसरीत माळ जपणाऱ्या बाया होत्या. त्यांची बोटं थांबली.

चंचलबाईंना ते उमगलं नाही. उलट त्यांना आणखी चेव आला. खांबाशी त्यांची सून नमिता सामायिकाच्या ध्यानात बसली होती. तोंडाला पांढरी मुहपत्ती. बोलताना तोंडाच्या वाफेनं हवेतला बारीकसा जीवही दुखावू नये, म्हणून बांधायची ती पट्टी.

“आणि धर्मच बघायचा असेल तर हिच्याकडे बघा! कित्येक दिवस झाले, येते काय, पट्टी बांधते काय, दुपारपर्यंत हलत नाही. घरीसुद्धा सोडत नाही पट्टी. अशी सून ज्या घरात, ते घर असूझतं?”

“रोज माझ्या शेजारी बसते ही.”

“बसतेच!”

“हिच्या नवकार मंत्रातला ‘म’ कुठं गेला, चंचल?”

“काय?”

“णमो म्हणत नाही ही. ‘णओ’ म्हणते. पहिल्यापासून शेवटपर्यंत... ‘म’ नाही.”

“हळू म्हणत असेल.”

“‘म’ म्हणायला ओठ मिटावे लागतात.”

...

महासतीजी खांबाकडे वळल्या. “मुहपत्ती सोड, बाई.”

बायांनी श्वास ओढला. सामायिक चालू असताना पट्टी सोड, असं साध्वीच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

“दोष माझ्या माथी. सोड.”

नमितानं दोरी सोडली. कापड लगेच निघालं नाही, खपलीला धरून बसलं होतं. जिभेनं ओलं करून, हळूहळू, तिनं ते सुटं केलं.

खालचा ओठ मधोमध फाटलेला. कोपऱ्यांतून पिवळं पाणी. वरचा ओठ सुजून नाकाला भिडायला आलेला. भरदार.



“चुकलं पोरीचं,” महासतीजी म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण तो ऐकून पुढच्या बाईनं आपला पाय मागे घेतला. “ससा असती तर सुटली असती.”

“महासतीजी!” चंचलबाई कडाडल्या. “परक्याच्या पोरीला लावलं का मी? घरचीच आहे ती! नाकात वेसण घातली नव्हती मी तिच्या. नको तर नको म्हणायचं होतं! एकदा तरी ‘नाही’ म्हणाली का? विचारा, विचारा तिला!”

“दुखतं का गं?” महासतीजींनी विचारलं.

नमितानं आधी सासूकडे पाहिलं.

मग मान हलवली. हो की नाही, ते कुणाला कळलं नाही.

चंचलबाईंनी ते पाहणं पाहिलं. त्यांनी फरशीवरची कांडी उचलली, पिशवीत टाकली, परत काढली, मुठीत धरली. राग होता तसाच होता. फक्त तो कुणावर काढायचा, ते आता समजेना.

“ते असू द्या,” त्या अखेर म्हणाल्या. आवाज मघासारखा निघाला नाही. “मला एवढंच सांगा... उद्या माझ्या दारी येणार की नाही?”

महासतीजींनी पात्रं झोळीत बांधली. गाठ मारली.

“येईन की... तुझ्या घरात ही पहिल्यांदा ‘नाही’ म्हणेल, त्या दिवशी.”